खांद्यात पॅच बसवल्यावर हात कसा सांभाळायचा

खांद्यातलं फाटलेलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवताना वरून आधाराला पॅच बसवला, म्हणून हात गळ्यात बांधून ठेवणारा पट्टा लवकर सुटत नाही. हे आधीच सांगते, कारण गोव्यात फोंड्याला फिजिओथेरपी करताना हाच गैरसमज मला सगळ्यांत जास्त दिसतो. सावईवेऱ्याकडच्या एका कुळागरवाल्या (सुपारी-नारळाची बागायत असलेल्या) काकांनी मला सरळच विचारलं होतं, "बाय, आत एवढी घट्ट जाळी शिवलीय, मग हात बांधून कशाला ठेवायचा?"

खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंची टेंडन धरून असतात. त्यांतलं वरचं, सुप्रास्पायनेटस, सर्वांत जास्त फाटतं. ऑपरेशनमध्ये सर्जन ते मोकळं करून हाडावर ओढून आणतात आणि हाडात बसवलेल्या अँकरच्या (छोट्या खुंटीच्या) दोऱ्यांनी बांधतात. फाट 5 सेंटिमीटरच्या वर असेल किंवा टेंडन विरलं असेल, तर नुसत्या टाक्यांचा भरवसा नसतो. जुन्या लुगड्याला टाका घातला की दोराच कापड चिरत जातो, तसं होतं. म्हणून वरून पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांचा पॅच टेंडनला शिवतात आणि त्याची दुसरी कड हाडाला पक्की करतात. हाताचा ताण मग दोघांत वाटला जातो. पण टेंडन हाडाला धरायचं काम शरीरच करतं. त्याला साधारण तीन महिने लागतात, आणि ते पॅचमुळे लवकर होत नाही.

ऑपरेशनआधी सर्जनना विचारा: एमआरआयमध्ये स्नायूत चरबी किती भरली आहे? फार भरली असेल तर पॅच तो स्नायू परत आणू शकत नाही. पॅच विरघळणारा आहे की कायमचा? तो टेंडनवर बसणार की टेंडन आणि हाडामधली फट सांधणार? दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यावर) ऑपरेशन असेल, तर पॅच आणि अँकर त्यात धरलेत का, हे काउंटरवर आधीच विचारून घ्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणा. विडी-सिगारेट बंदच करा, तंबाखूमुळे टेंडन धरायला वेळ लागतो.

पहिल्या रात्री भुलीच्या इंजेक्शनमुळे हात बधिर असतो. बहुतेकांना दुखत नाही आणि ते गोळी घेत नाहीत. मग पहाटे भूल उतरली की जीव नकोसा होतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी भूल उतरण्याआधी, सांगितलेल्या वेळीच घ्या.

झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसते झोपा आणि कोपराखाली एक उशी ठेवा. पडल्यापडल्या स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे गेलंय आणि टाक्यांवर ओढ येतेय. घरच्यांनी रात्री एकदा पाहावं.

पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन वापरा. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. पावसाळ्यात आपल्याकडे काखेत घाम आणि बुरशी धरते, तिकडे खास लक्ष द्या. पट्टा सोडून कमरेतून पुढे वाका, हात आपोआप लोंबकळू द्या, मग काख पुसून कोरडी करा. काख पुसायला हात बाजूला उचलायचा नाही. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवा, नाहीतर पंजा सुजतो.

पट्टा बहुधा चार ते सहा आठवडे असतो. या काळात त्या हाताने खुर्चीवरून उठायचं नाही, चहाचा कपही उचलायचा नाही. स्कूटर चालवायची नाही, आणि मागे बसणंही मी नको म्हणते. आपल्या रस्त्यांवर एक खड्डा पुरतो. कदंब बसने येत असाल तर बसायला जागा मागून घ्या, वरचा दांडा धरू नका. लोंबत्या हाताचे झोके आणि दुसऱ्या हाताने उचलून द्यायचे व्यायाम सर्जन सांगतील तेव्हाच सुरू करा. मोठ्या फाटीला काही सर्जन ते मुद्दाम उशिरा देतात.

जखमेतून पू किंवा पाणी येणं, ताप, वाढती लाली, अचानक 'कट्' होऊन हात पडणं, पोटरी सुजून दुखणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा. आत कृत्रिम वस्तू आहे, जंतुसंसर्ग अंगावर काढू नका.

सहा आठवड्यांनंतर हात स्वतःच्या बळावर उचलायला शिकवतो. रबरी पट्ट्याचे व्यायाम तीन महिन्यांनी. विळीवर नारळ खोवणं, विहिरीची कळशी ओढणं त्याच्याही नंतर. चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायला हात डोक्यावर धरून उभं राहावं लागतं, ते काम यंदा दुसऱ्याला द्या. पाडेलीने (नारळ पाडणाऱ्याने) माडावर चढण्याआधी सहा महिने तरी जाऊ द्यावेत, आणि तेही सर्जननी ताकद तपासून हो म्हटल्यावरच.