फुटपाथवरची डॉक्युमेंटरी: पहिले दोन महिने कॅमेरा बॅगेतच

मुंबईतल्या बेघर कुटुंबांवर स्वतःच्या पैशांतून डॉक्युमेंटरी करायला निघालो आणि पहिल्याच रात्री चुकलो. दादरच्या फूलबाजाराजवळ टॅक्सीत बसून फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे शॉट घेतले. सकाळी तिथल्याच गजरे करणाऱ्या एका ताईंना ते उत्साहाने दाखवले. त्या म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला इचारलं व्हतं का?" फुटेज त्यांच्यासमोरच पुसून टाकलं.

नवीन असाल तर पहिले दोन महिने नुसते जाऊन बसत जा. घरी आलात की वाचा. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निकाल तर वाचाच. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं, आणि फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क मात्र नाकारला. ताईंची रोजची पहाट मला या निकालामुळे कळली: बाजार इथे म्हणून राहायचं इथेच, पण उजाडायच्या आत ताडपत्री गुंडाळायची. निवाऱ्यांचंही बघून ठेवा. 2024 पर्यंत चाललेल्या सरकारी योजनेत दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी कायमस्वरूपी निवारा अपेक्षित होता. आपल्या वॉर्डात तो कुठे आहे ते पायी फिरून शोधा, आणि आई-बाप-मुलं तिथे एकत्र राहू शकतात का, ते विचारा. "निवाऱ्यात का जात नाही?" हा प्रश्न फुटपाथवर विचारण्याआधी एवढं करायलाच हवं.

प्रश्नांवर मी सर्वात जास्त मेहनत घेतली. "इथे कशा आलात?" असं विचारलं की ताई पाठ झालेलं चार ओळींचं उत्तर द्यायच्या, सर्वेक्षणवाल्यांना दहादा देऊन झालेलं. एकदा विचारलं, "सामान बांधताना आधी काय उचलता?" त्यावर त्या पाऊण तास बोलल्या. आधी कागद. रेशन कार्ड, आधार, मुलीचा शाळेचा दाखला, तिहेरी प्लास्टिकमध्ये, वर रबर. पालिकेची सामान उचलणारी गाडी आली तर स्टोव्ह जाऊ दे, भांडी जाऊ देत, पण पत्ता नसलेल्या माणसाने ते कागद पुन्हा काढायचे म्हणजे वर्ष जातं. बोलताना त्यांचे हात गजऱ्यावर चालूच होते. ती पिशवी त्या कुठे ठेवतात ते मी इथे लिहीत नाही.

कॅमेरा जुना चालेल. पैसे माइकवर घाला, कारण रस्त्याकडेला बसची घरघर माणसाचा आवाज गिळते. दोघांपेक्षा जास्त माणसं नेऊ नका, गर्दी जमते. फुटेज त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर उतरवा. शूटिंगमुळे कुणाची मजुरी बुडाली तर ती भरून द्या. मला त्यात काही गैर वाटत नाही. संमती एकदा शूटिंगआधी घ्या आणि एकदा एडिटिंग झाल्यावर, चित्र दाखवून.

मी पहिला कट तिथेच, भिंतीवर चादर लावून दाखवला. ताई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "समदं ऱ्हाऊ दे. पिशवी काढते तेवढं काढ. कुठं ठेवते ते साऱ्यांना कळंल." चौदा महिन्यांतला तो माझा सर्वात चांगला शॉट होता. त्याच रात्री कापून टाकला.