स्पोर्ट्स बाइक घ्यावी की अ‍ॅडव्हेंचर टूरर? घाटातून गाडी चालवणाऱ्या बाईचा सल्ला

शोरूममध्ये जाण्याआधी एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात दुचाकीवर कुठे कुठे गेलात ते त्यावर लिहा. लडाख किंवा स्पिती लिहू नका, ती पुढची स्वप्नं आहेत. ऑफिस, सासर, गाव, रविवारची चक्कर, एवढंच. मग प्रत्येक नावासमोर त्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट तुकडा लिहा: कुठे खड्डे, कुठे खडी, कुठे गर्दीत क्लच दाबून हात भरून येतो. गाडी निवडायची ती या वाईट तुकड्यांकडे बघून. चांगल्या रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच चालते.

मी साताऱ्यात राहते आणि माहेर चिपळूणचं. म्हणजे माझ्या कागदावर पहिलं नाव कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. या वाटेवर मी आधी यामाहा आर१५ ही स्पोर्ट्स बाइक चालवली, आता सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही अ‍ॅडव्हेंचर टूरर, म्हणजे खराब आणि लांबच्या वाटांसाठीची उंच गाडी, चालवते. दोन्ही गाड्यांनी मला मनापासून आनंद दिला. माझा भाचा चाकणला नोकरीला आहे आणि दिवाळीत त्याने विचारलं, "आत्या, केटीएमची आरसी ३९० घेऊ की रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०?" पहिली स्पोर्ट्स, दुसरी अ‍ॅडव्हेंचर. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट टॉप स्पीडची. आपल्याकडे वेगासाठी बांधलेले जे रस्ते आहेत, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नाही, समृद्धी नाही, अटल सेतू नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आणि साध्या रस्त्यांवर ६०. त्यामुळे माहितीपत्रकातला सगळ्यांत मोठा आकडा आपल्या हिशेबातून वगळा. उरतं काय, तर तीस ते ऐंशीच्या दरम्यान गाडी किती सहज ओढते ते.

इथे टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढण्याची ताकद बघा, आणि तो किती कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो तेही बघा. हिमालयन ४५० मध्ये ४० न्यूटन-मीटर टॉर्क साडेपाच हजार आरपीएमला मिळतो, आरसी ३९० मध्ये ३७ न्यूटन-मीटर सात हजारांना, आणि आर१५ मध्ये १४.२ न्यूटन-मीटर साडेसात हजारांना. कुंभार्लीत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात की हा फरक लगेच जाणवतो. आर१५ वर मला गिअर एक-दोन पायऱ्या खाली आणून इंजिन ओरडवत पुढे जावं लागायचं. मोकळ्या घाटात त्याच ओरडण्याची मजा येते. समोरून एसटी येत असताना मात्र तेवढा वेळ हातात नसतो.

आता बसण्याबद्दल, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. स्पोर्ट्स बाइकचं हँडल खाली आणि पुढे असतं, पाय मागे दुमडलेले. भार तळहातावर पडू द्यायचा नसतो, तो पोट, पाठ आणि मांड्यांनी पेलायचा असतो. हे तुमच्या शरीराला जमतंय का याची परीक्षा शोरूममध्येच होते. सेल्समनला गाडी सरळ धरायला सांगा, चालवायच्या पवित्र्यात वाका, गुडघ्यांनी टाकी आवळा आणि दोन्ही हात हँडलपासून बोटभर वर उचला. तसंच दहा-पंधरा सेकंद राहता आलं, तर तुमची पाठ तयार आहे. छाती टाकीवर आली, तर हायवेवर तासाभरात मनगटं आणि मान बोलायला लागतील. व्यायामाने हे नक्की सुधारतं, पण गाडी घेतल्यावर व्यायाम सुरू करू असं म्हणून पैसे भरू नका.

अ‍ॅडव्हेंचर गाडीची परीक्षा वेगळी. तिथे पाठ ताठ राहते, हात मोकळे राहतात, प्रश्न येतो जमिनीचा. माझी उंची पाच फूट दोन इंच. सगळे उंची विचारतात, पण मोजायची असते पायाची आतली लांबी: अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाड वही दोन्ही मांड्यांच्या मध्ये घट्ट वर ओढून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावा. तो आकडा सीटच्या उंचीशेजारी ठेवा. आर१५ ची सीट ८१५ मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, हिमालयन ४५० ची ८२५ (ती ८४५ पर्यंत वाढवता येते). कागदावर फरक बोटभराचा वाटतो. पण सीट पुढे किती रुंद आहे त्यावर पाय किती बाहेर फाकतात ते ठरतं, आणि मुख्य म्हणजे वजन: आर१५ १४२ किलो, एसएक्स १६७, हिमालयन १९६.

हे वजन सपाट फरशीवर कळत नाही. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीकडून वर येताना वळणावर रांग थांबलेली असते, रस्ता डावीकडे कललेला, कडेला गटार. तुम्ही सवयीने डावा पाय टेकवायला जाता आणि तिथे जमीन चार बोटं आणखी खाली असते. गाडी कलते. १४२ किलोची गाडी मांडीने रोखता येते, १९६ किलोची एका ठरावीक कोनापुढे रोखता येत नाही, सोडूनच द्यावी लागते. म्हणून कमी उंचीच्या लोकांना, विशेषतः मुलींना, मी सांगते: टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर पळवू नका. उतारावर थांबा, चढावर क्लच सोडून निघा, अरुंद गल्लीत यू-टर्न घ्या आणि शेवटी गाडी बंद करून पार्किंगमधून ढकलत मागे घ्या. हे चार जमले तर निर्धास्त घ्या. एक पाय पूर्ण टेकला तरी पुरतो, दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं अजिबात नाही.

मागे कोण बसणार हेही प्रामाणिकपणे ठरवा. स्पोर्ट्स बाइकची मागची सीट म्हणजे उंचावरची छोटी गादी. साडी नेसून एका बाजूला बसणं तिथे जवळपास अशक्य. माझी आई पाचवारीत असते, आर१५ वर ती कधीच बसली नाही. पण व्ही-स्ट्रॉम आली म्हणून प्रश्न सुटला असंही नाही, कारण या गाड्याही मागून उंच असतात. चढताना तिला ओट्याची पायरी लागते, आणि ती सलवार घातली असेल तरच येते. घरातलं मोठं माणूस रोज मागे बसणार असेल, तर या दोन्ही प्रकारांआधी एखादी साधी, कमी उंचीची गाडी बघा. बायको, नवरा किंवा मित्र दोन्हीकडे पाय टाकून लांब येणार असेल, तर अ‍ॅडव्हेंचरला तोड नाही. फक्त मागे माणूस आणि सामान असलं की मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिचा आधीचा ताण, वाढवून घ्या. तो न वाढवता लोक 'गाडी डुलते' म्हणून तक्रार करतात.

चाकांचं थोडक्यात. पुढचं चाक जितकं मोठं, तितका खड्डा सोपा जातो. स्पोर्ट्समध्ये १७ इंची, एसएक्सला १९, हिमालयन आणि हिरोच्या एक्सपल्सला २१. पण मोठं चाक वळणात सावकाश झुकतं. पसरणी घाटासारख्या चांगल्या डांबरावर स्पोर्ट्स बाइक ज्या विश्वासाने वळते, ती मजा उंच गाडीवर नाही, हे मी आजही मान्य करते. टायर ट्यूबवाला की ट्यूबलेस हे मात्र विचाराच. ट्यूबलेसचं पंक्चर रस्त्याकडेला आपलं आपण काढता येतं. ट्यूब असेल तर चाक उतरवावं लागतं.

मग स्पोर्ट्स बाइक कुणी घ्यावी? ज्यांचा रोजचा रस्ता गुळगुळीत आहे, जे रविवारी पहाटे निघून जेवायला घरी येतात आणि ज्यांना ब्रेक, वळण, शरीराचा तोल हे नीट शिकायचंय, त्यांनी जरूर घ्यावी. तिचा खरा वेग बघायचा असेल तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जाऊन बघा, घाटात नको. ज्यांच्या कागदावर कोकण आहे, पावसाळा आहे, मागे सामान आहे, त्यांनी उंच गाडी घ्यावी. जुलैत जांभ्याचा लाल चिखल डांबरावर पसरतो तेव्हा रुंद हँडल आणि ताठ बसून लांबवर जाणारी नजर किती उपयोगी पडते, हे एकदा चालवल्याशिवाय पटत नाही.

पैशांचं गणित ३५० सीसीच्या रेषेवर फिरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा गटही याच रेषेला बदलतो, आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. म्हणून ३९० आणि ४५० बघताना शेजारी एक २५० सीसीची गाडी ठेवून ऑन-रोड किंमत लिहून घ्या. जो फरक निघेल त्यात हेल्मेट, जॅकेट, रेनसूट आणि पुढे बदलायला लागणारी टायरची जोडी बसते का ते बघा. स्पोर्ट्स बाइक उभ्या जागी पडली तरी फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, फुटतं, त्याचा भाव काउंटरवर आधीच विचारा. अ‍ॅडव्हेंचर घेतलीत तर क्रॅश गार्ड पहिल्याच दिवशी बसवा.

भाच्याच्या कागदावर दर पंधरवड्याला चाकण ते चिपळूण होतं, त्यातही पावसाळ्यात जास्त. त्याने हिमालयनची टेस्ट राइड घेतली, उतारावर थांबून बघितली, आणि आता २५० सीसीवाली बघायला पुन्हा जाणार आहे. त्याला एवढंच सांगितलंय की बुकिंगआधी चिपळूण आणि रत्नागिरीकडे सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचार, आणि क्लच केबल व ब्रेक लिव्हर तिथे शिल्लक असतात का, हे फोन करून पक्कं कर.