नरक्याच्या रोपांसाठी मायकोरायझा आत्ताच वाढवायला घ्या

नरक्या हे सह्याद्रीतले औषधी झाड कोकणच्या पायथ्यालाही येते आणि महाबळेश्वर-आंबोलीच्या माथ्यावरही. पण दोन्हीकडची माती सारखी नाही. माथ्यावरची धुपलेली, आम्ल आणि थंड, पायथ्याची तापणारी. मायकोरायझा म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याला अन्नद्रव्ये पुरवणारी बुरशी, तीही त्या-त्या मातीला सरावलेली असते. म्हणून विकतच्या व्हॅमच्या (याच बुरशीच्या) पुडीपेक्षा आपल्याच उंचीवरच्या झाडाखालची माती घ्यावी, तीही मालकीच्या रानातून. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून माती उचलू नये.

पाऊस थांबून वाफसा आला की चार-पाच निरोगी झाडांखालचा पालापाचोळा बाजूला सारा आणि ५ ते २० सेंमी खोलीची माती बारीक मुळांसकट काढा. पाचोळ्यात दिसणारे पांढरे धागे बहुधा पाने कुजवणाऱ्या बुरशीचे असतात, त्यांवर जाऊ नका. आपली बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ही माती थेट रोपांच्या पिशव्यांत भरू नका, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक किडे) आणि मूळकूज सोबत येतात. एक भाग माती, दोन भाग धुऊन तासभर वाफवलेली वाळू, असे मिश्रण कुंडीत भरून मका किंवा नाचणी पेरा, त्यांच्या मुळांत बुरशी वाढते. मोहरी चालत नाही, तिच्या मुळांत ही बुरशी शिरतच नाही. सुरुवातीला मक्याची पाने कडेने जांभळी पडतात. ती स्फुरदाची (फॉस्फरसची) भूक आहे आणि ती हवीच! इथेच घाबरून डीएपी हे स्फुरदाचे खत टाकले जाते. स्फुरद आयता मिळाला की मुळे बुरशीला थारा देत नाहीत. पायथ्याला ९० दिवस पुरतात, माथ्यावर थंडीत मका रेंगाळतो, तिथे १२० धरा. शेवटचे दहा दिवस पाणी तोडा, ताटे कापा, मुळांचे सेंमीभर तुकडे करून त्याच मातीत मिसळा. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या तर ती कुंडी टाकून द्या. बाकीची माती कापडी पिशवीत, सावलीत ठेवा आणि त्याच हंगामात वापरा.

पिशवी भरताना शेणखत पाचवा हिस्साच घाला, तेही पूर्ण कुजलेले. बियाच्या किंवा मुळाच्या खाली २-३ सेंमीवर या मातीचा १०-१५ ग्रॅमचा थर द्या. वरून भुरभुरून उपयोग नाही, मूळ त्या थरातूनच गेले पाहिजे.

रोपे कोलमडू लागली तर आधी पाणी कमी करा, पिशवीची भोके मोकळी करा. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणे) टाळा, रोगासोबत ही बुरशीही मरते. जूनमध्ये लावणीआधी दोन-तीन रोपांची मुळे जवळच्या कृषी महाविद्यालयात रंगवून, बुरशी शिरली आहे का ते तपासून घ्या.