इमॅजिकाला जाण्यापूर्वी: राइड कशा चालतात आणि दिवस कसा आखावा

खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे थीम पार्क मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच अनेक कुटुंबे फारशी तयारी न करता तेथे जातात. माणशी तिकिटाची रक्कम लक्षात घेता हे योग्य नाही. राइड कशी चालते हे आधी समजून घेतले, तर ती दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यायची, घरातील कोणाला बसवायचे, कोणाला बसवायचे नाही आणि ती मध्येच थांबली तर काय समजायचे, या प्रश्नांची उत्तरे जागेवरच मिळतात.

प्रथम प्रवासाविषयी थोडे. द्रुतगती मार्गावरून येणाऱ्यांनी खोपोलीला बाहेर पडून पालीचा रस्ता धरावा. रेल्वेने यायचे असल्यास कर्जतहून खोपोलीपर्यंत लोकल जाते आणि पुढे रिक्षा किंवा गाडी करावी लागते. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर याच परिसरात असल्यामुळे अनेक जण दर्शन आणि पार्क एकाच दिवशी उरकण्याचा बेत करतात, परंतु तसे केल्यास दोन्हींना न्याय मिळत नाही. शिवाय चतुर्थीला आणि शनिवार-रविवारी या रस्त्यावर वाहनांची गर्दी असते. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटे वेगवेगळी असतात. पहिल्या भेटीत केवळ थीम पार्कचे तिकीट काढावे आणि शक्यतो सुट्टी नसलेला आठवड्याचा मधला वार निवडावा.

दार उघडताच सर्वांत मोठ्या राइडकडे जावे, म्हणजे ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरकडे. त्याची उंची १३२ फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर आहे आणि त्यात प्रवासी ५ वेळा उलटा होतो. सकाळी त्याची रांग लहान असते, पोट हलके असते आणि ऊनही तापलेले नसते. हा ‘फ्लोअरलेस’ प्रकारचा कोस्टर आहे. प्रवासी बसले, खांद्यांवरून येणारी जाड दांडी छातीशी घट्ट झाली आणि कर्मचाऱ्यांनी प्रत्येक दांडी हाताने ओढून तपासली, की पायांखालची फलाटाची जमीन खाली सरकते आणि पाय अधांतरी लोंबू लागतात. चप्पल घालून येऊ नये, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालावेत असे सांगतात, ते याच कारणाने. चष्मा, मोबाइल आणि खिशातील सुटे पैसे आधीच लॉकरमध्ये ठेवावेत.

कोस्टरच्या डब्यांना स्वतःचे इंजिन नसते. एक साखळी संपूर्ण गाडी चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. पुढचा सारा प्रवास त्या उंचीतून मिळालेल्या ऊर्जेवर होतो. ४० मीटर उंचीवरून घर्षणाविना खाली आलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर भरतो, आणि हे गणित आठवी-नववीतील मूल रांगेत उभे राहून स्वतः करू शकते. त्याला ते करायला लावावे, कारण आकडा हाती आला की भीतीची जागा कुतूहल घेते. पारंपरिक कोस्टर चढताना जो ‘टक टक’ आवाज येतो, तो काही सैल झाल्याचा नसतो. डब्याखालचा अडसर चढावरच्या दात्यांवरून एकेक करून पुढे पडत असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये यासाठी ती व्यवस्था असते. डबा रुळावरून उडणार तर नाही ना, ही शंकाही बहुतेकांच्या मनात येते. त्याचे उत्तर चाकांत आहे. चाकांचे तीन संच असतात, एक रुळाच्या वरून धावणारा, एक बाजूने टेकणारा आणि एक खालून पकडणारा. या तिन्हींच्या मध्ये रूळ असल्याने डबा उलटा झाला तरी सुटू शकत नाही.

रुळाचा उभा वळसा नीट पाहावा. तो पूर्ण गोल नसून थेंबासारखा, वरच्या टोकाला आवळलेला असतो. वळसा पूर्ण वर्तुळाकार ठेवला आणि गाडी माथ्यावरून जेमतेम पार होईल एवढाच वेग दिला, तरी तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असे वर्तुळाकार वळसे बांधले गेले आणि त्यांनी लोकांच्या माना दुखावल्या. १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन या पार्कमध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने थेंबाच्या आकाराचा वळसा यशस्वी करून दाखवला आणि आजचे कोस्टर त्याच वाटेने चालतात. आपण बसताना एवढेच करावे की पाठ आणि डोके मागे टेकवून ठेवावे आणि डोळे उघडे ठेवून रुळाच्या दिशेने पाहावे. पुढचे वळण दिसत असले की शरीर आपोआप सावरते. पहिल्या रांगेत दृश्य सर्वांत मोकळे दिसते. शेवटच्या रांगेला मात्र माथ्यावरून खाली जोराने खेचले जाते, कारण ती माथ्यावर पोहोचते तेव्हा पुढचे डबे उतारावर वेग घेऊ लागलेले असतात.

गाडी चढावर किंवा मधल्या एखाद्या टप्प्यावर थांबली, तर घाबरून दांडीशी झटापट करू नये. संपूर्ण मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि लोकलच्या सिग्नलप्रमाणे पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सोडले जात नाही. फलाटावर एखाद्याला बसायला वेळ लागला, कोणाची पिशवी काढून घ्यावी लागली, तरी मागची गाडी थांबवली जाते. ते थांबणे हे यंत्रणा काम करीत असल्याचेच लक्षण आहे, आणि मुलांना हे आधी सांगून ठेवावे.

‘डेअर टू ड्रॉप’सारख्या उंच मनोऱ्यावरून खाली येताना पोटात गोळा येतो, कारण आसन आणि शरीर सारख्याच वेगाने पडत असल्याने आतड्यांचा नेहमीचा भार क्षणभर नाहीसा होतो. असे काही मनोरे दाबाखालच्या हवेवर चालतात, तर काही आसने खरोखरच सोडून देतात आणि खाली चुंबकांनी थांबवतात. चुंबकांमधून धातूची पाती वेगाने गेली की तिच्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच तिला विरोध करतो. वेग जितका जास्त तितका विरोधही जास्त. या ब्रेकला बाहेरच्या विजेची गरज नसल्यामुळे वीज गेली तरी तो काम करतो.

दुपारचे जेवण हलके ठेवावे आणि त्यानंतर तासभर बंदिस्त, वातानुकूलित दालनांतील राइड घ्याव्यात. ‘आय फॉर इंडिया’मध्ये पाय मोकळे सोडून प्रचंड पडद्यासमोर बसवतात आणि हेलिकॉप्टरमधून देश पाहिल्याचा अनुभव येतो. प्रत्यक्षात आसन थोडेसेच हलते, परंतु डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाला तो तितका जाणवत नाही. या विसंगतीमुळे काहींना मळमळते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी अशा राइडमध्ये मध्यभागी बसावे आणि अस्वस्थ वाटल्यास काही क्षण डोळे मिटावेत.

पाण्यातून जाणारी ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ उन्हे उतरण्याआधी घ्यावी, म्हणजे कपडे वाळायला वेळ मिळतो. ओल्या कपड्यांनी लगेच वातानुकूलित दालनात गेल्यास लहान मुले कुडकुडतात. अशा राइडमध्ये पंप सतत पाणी वरच्या पाटात चढवत राहतात, होडी त्या प्रवाहावर तरंगत जाते आणि शेवटी घसरणीवरून खाली झेपावते. मुलांना येथे हेही जरूर सांगावे की राजासॉरस हा काल्पनिक प्राणी नाही. गुजरातमधील तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्या मांसाहारी डायनासोरला नर्मदेवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव देण्यात आले. रांगेतला वेळ घालवण्यास याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची खूण असते. मुलाची उंची दोन बोटे कमी पडली की अनेक पालक कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालतात, आणि हे मला मनापासून खटकते. ती मर्यादा मुलाच्या धिटाईवर ठरलेली नसते. दांडी खांदे आणि मांड्या यांवर योग्य जागी बसली नाही तर मूल तिच्याखालून निसटू शकते, म्हणून ती असते. मुलाची उंची घरीच मोजून कोणत्या राइड मिळणार नाहीत हे त्याला आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे दारात रडारड होत नाही. हृदयविकार, मान किंवा पाठीचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर मोठ्या राइडचा आग्रह कोणीही धरू नये. आजी-आजोबांसाठी बंदिस्त दालनांतील खेळ आणि लाकडी घोड्यांचा फेरा पुरेसा आनंद देतात.

पावसाळ्यात खोपोली परिसर अतिशय सुंदर दिसतो आणि गर्दीही कमी असते, परंतु मुसळधार पाऊस किंवा विजा असताना उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात. त्या दिवसांत जायचे झाल्यास पाऊस उघडल्याबरोबर आधी नायट्रो गाठावे आणि बंदिस्त दालने सरींसाठी राखून ठेवावीत. आत शिरतानाच सर्वांनी मिळून भेटण्याची एक ठळक जागा ठरवावी आणि लहान मुलाच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, कारण लॉकरमध्ये फोन ठेवून रांगेत उभ्या असलेल्या आईवडिलांना फोन लागत नाही.