हत्तींच्या कामासाठी परदेशी सरकारचा निधी: नाशिकच्या संस्थेने अर्ज कसा करावा

नाशिक जिल्ह्यात रानहत्ती नाही. इथल्या वन्यजीव संस्था घडल्या त्या निफाड-सिन्नरच्या उसातल्या बिबट्यावर, हरसूलकडच्या गिधाडांवर आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांवर. राज्यात हत्ती आहेत ते दोन टोकांना. २००२ पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गच्या दोडामार्ग आणि पुढे कोल्हापूरच्या आजरा-चंदगडकडे आलेले, आणि २०२१ मध्ये ओडिशाहून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरलेला कळप. या दोन्ही ठिकाणी मदतीला जाणाऱ्या संस्थेला परदेशी सरकारचा पैसा मागता येतो. अडतं ते बहुतेक वेळा प्रस्तावात नाही, पैसा घेण्याच्या पात्रतेत. म्हणून इथे क्रम उलटा दिला आहे: आधी कागद, मग प्रस्ताव.

निधी कोणता

आशियाई हत्तींसाठी सर्वात थेट दार अमेरिकेचं. तिथल्या संसदेने १९८८ मध्ये आफ्रिकी हत्तींसाठी आणि १९९७ मध्ये आशियाई हत्तींसाठी वेगळा कायदा केला. दोन्ही निधी 'यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस' हे सरकारी खातं चालवतं. आशियाई हत्ती १३ देशांत उरला आहे आणि त्यांतले सर्वाधिक भारतात, त्यामुळे भारतीय अर्ज तिथे नवलाचा नाही. अर्ज कोणी करावा हेही कायद्यातच आहे: हत्ती असलेल्या देशाचं वन्यजीव खातं, किंवा आशियाई हत्तींच्या संवर्धनातला अनुभव दाखवू शकणारी व्यक्ती वा संस्था. बिबट्याचा अनुभव इथे चालत नाही, हे नाशिककरांनी आधीच पचवावं. हत्तींवर प्रत्यक्ष काम केलेला जीवशास्त्रज्ञ किंवा निवृत्त वनाधिकारी प्रकल्पात नावानिशी आणि पगारानिशी असावा. सल्लागार म्हणून शेवटच्या पानावर टाकलेलं नाव परीक्षकांना लगेच कळतं.

बंदिस्त हत्तींच्या प्रजननाला हा पैसा मिळत नाही. अपवाद फक्त जंगलात सोडण्यासाठीच्या प्रजननाचा. बंदुका, काडतुसं आणि खबऱ्यांना द्यायचे पैसेही बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट लिहायला बसण्याआधी तपासा: या वर्षीची घोषणा निघाली आहे का? २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा संवर्धनाची मंजूर अनुदानंही अडकली. 'दरवर्षी निघते, यंदाही निघेल' या भरवशावर माणसं नेमू नका.

पहिलं काम: एफसीआरए

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा २०१० चा कायदा. त्याप्रमाणे परदेशी सरकार हा 'परदेशी स्रोत' आहे. गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक डॉलरही घेता येत नाही.

नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. अर्ज एफसी-३ए. इतका खर्च नसेल तर पूर्वपरवानगीचा रस्ता, अर्ज एफसी-३बी. त्याला देणाऱ्याचं पत्र लागतं: नेमकी रक्कम आणि नेमकं काम लिहिलेलं. म्हणजे आधी अमेरिकेची निवड, मग दिल्लीची परवानगी, मग पैसा. एप्रिल २०२५ पासून पूर्वपरवानगीला मुदतही लागली आहे: परवानगीच्या तारखेपासून तीन वर्षांत पैसा घ्यायचा, चार वर्षांत खर्चून संपवायचा. प्रकल्पाचं वेळापत्रक याच्या आत बसवा. दोन्ही रस्त्यांना दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचं आधार लागतं.

नाशिकमध्ये गाडी हमखास रुतते ती धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलले, ठराव झाला, पण चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) दाखलच केला नाही किंवा मंजूर झाला नाही. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, वारलेले अध्यक्ष तसेच, आणि एफसीआरएच्या अर्जात नवे अध्यक्ष. ही विसंगती निघाली की अर्ज थांबतो. म्हणून परिशिष्ट एकची ताजी प्रत काढा, त्यातली नावं एफसीआरए, बँक, पॅन आणि दर्पण यांच्याशी एकेक करून ताडा, आणि चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.

पैसा उतरतो तो भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच. खातं नाशिकहून उघडता येतं, पण परदेशी पैशासाठी कॉलेज रोडच्या तुमच्या नेहमीच्या शाखेचा क्रमांक देऊ नका. तिथलं खातं फार तर पुढे वापरासाठी जोडता येतं. चुकून थेट नाशिकच्या खात्यात रक्कम आली तर तो कायद्याचा भंग ठरतो, मग हेतू कितीही स्वच्छ असो.

२०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. गडचिरोलीतल्या स्थानिक मंडळाला 'उपअनुदान' देण्याची योजना सरळ बाद. गावातली माणसं तुमच्याच पगारपत्रकावर घ्या, किंवा सेवा विकत घेऊन बिल घ्या. प्रस्तावाचा सांगाडा यावरून ठरतो, म्हणून हे आधी ठरवायचं.

दुसरं काम: वन खातं आणि ग्रामसभा

ज्या देशात काम होणार तिथल्या सरकारचा पाठिंबा आहे का, हे अमेरिकी खातं पाहतं. आपल्याकडे त्याचा अर्थ नागपूरच्या वनभवनातून प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांचं पत्र. नाशिकच्या वनवृत्ताचं पत्र कितीही सहज मिळत असलं तरी उपयोगाचं नाही. हत्ती त्यांच्या हद्दीत नाहीत. पत्रात प्रकल्पाचं नाव, वनविभाग, कालावधी आणि खातं काय देणार (गस्तीची माणसं, वायरलेस, नुकसानीच्या नोंदी) हे हवं. 'आमच्या शुभेच्छा आहेत' एवढंच लिहिलेलं पत्र पाठवून फायदा नाही. मसुदा तुम्हीच करून द्या, आणि मुदतीच्या दोन-तीन महिने आधी द्या.

हत्तीला रेडिओ कॉलर लावायची असेल तर हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये असल्याने केंद्राची पूर्वसंमती लागते. पहिल्याच प्रस्तावात कॉलर घालू नका. पाऊलखुणा, लीद, गावकऱ्यांचे फोन आणि वनरक्षकांच्या नोंदी यांवर चालणारं निरीक्षण स्वस्त पडतं आणि परवानगीत अडकत नाही.

गडचिरोलीत अनेक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. तिथे ग्रामसभेचा ठराव नसेल तर पत्र नागपूरचं असूनही जंगलात पाय ठेवता येत नाही. ठराव मराठीत किंवा गोंडीत झाला तरी अर्जासोबत इंग्रजी भाषांतर जोडा.

तिसरं काम: अमेरिकी पोर्टलं

दोन पोर्टलं आहेत: सॅम डॉट गव्हवर संस्थेची नोंद आणि ग्रँट्स डॉट गव्हवर अर्ज. २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाऐवजी सॅमवरूनच मिळणारा यूईआय हा संस्थेचा ओळख क्रमांक चालतो. अमेरिकेबाहेरच्या संस्थेला पूर्वी त्याआधी नाटोकडून मिळणारा एनकेज कोड घ्यावा लागे; अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा मागत नसाल तर आता तो लागत नाही. हे सगळं फुकट आहे. नोंदणी सुरू होताच 'तुमची नोंदणी संपत आली, इतके डॉलर भरा' अशा मेल येऊ लागतात. त्या सरकारी नसतात.

खरी डोकेदुखी नाव-पत्त्याची. सॅम, पॅन, ट्रस्टचं प्रमाणपत्र आणि बँक या सगळीकडे संस्थेचं इंग्रजी नाव आणि पत्ता अक्षराला अक्षर जुळला पाहिजे. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर 'एच' शिवाय असतं आणि नव्या कागदांवर 'एच' सकट. एवढ्यावरून पडताळणी आठवडेच्या आठवडे लोंबकळते. एक रूप पक्कं करा, ते छापलेलं वीजबिल किंवा बँकेचं पत्र हाताशी ठेवा आणि सगळीकडे तेच भरा. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि अनुदान चालू असताना ती संपली तर हप्ता अडकतो.

प्रस्ताव

परीक्षक तीन प्रश्न विचारतो: धोका कोणता, तुम्ही नेमकं काय करणार, आणि ते झालं हे कशावरून कळणार. 'जनजागृती' हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

आधाररेषा, म्हणजे काम सुरू होण्याआधीची स्थिती दाखवणारे आकडे, वन खात्याच्या पंचनाम्यांवरून घ्या. दोडामार्गात केळी, नारळ, सुपारी, काजू; गडचिरोलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरचं उभं भात. निदान एका पूर्ण हंगामाचे पंचनामे गावनिहाय मांडा: किती रात्री हत्ती शेतात आले, किती खातेदारांचं नुकसान झालं, कुंपणात उघडा वीजप्रवाह सोडल्याची किती प्रकरणं. मग उद्दिष्ट त्याच एककांत लिहा. पंचनामा न झालेलं नुकसानही असतं, म्हणून स्वतःची नोंदवही वेगळी ठेवणार असल्याचंही लिहा. नाही तर तुमचे कार्यकर्ते फिरू लागले की नोंदी वाढतात आणि अहवालात संघर्ष वाढल्यासारखा दिसतो.

आकडे देताना एक सापळा आहे. २०१७ च्या गणनेत भारतात २९,९६४ हत्ती होते, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित अंदाजात २२,४४६. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'घट झाली' असं लिहू नका. पद्धत बदलली आहे, त्यामुळे तुलना होत नाही. असं एक वाक्य सगळ्या प्रस्तावावरचा विश्वास घालवतं.

सौरकुंपण मागणार असाल तर त्याची देखभाल पैशासकट मांडा, कारण परीक्षकांनी मेलेली कुंपणं पुष्कळ पाहिली आहेत. कोकणात पावसाळ्यात गवत आणि वेली तारेला टेकतात, विजेचा दाब गळतो, हत्ती तार सहज ओलांडतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग लागत नाही. बॅटरी चोरीला जाते. शिवाय सुळे विजेला दाद देत नाहीत, त्यामुळे टस्कर (सुळेवाला नर) सुळ्याने खांब पाडायला शिकतो. म्हणून तारेखालचा पट्टा पावसाळ्यात दर पंधरवड्याला साफ करणारी माणसं, रोज संध्याकाळी दाब मोजून वहीत लिहिणारा एक जण, तारेत विजेचे झटके सोडणारा एक जादा एनर्जायझर आणि बॅटरीला कुलूपबंद पेटी हे सगळं अंदाजपत्रकात दिसू द्या. हत्ती अडवायला चर खोदण्याची कल्पना कोकणापुरती सोडलेली बरी. एका पावसात कडा ढासळतात.

अंदाजपत्रक: दोन देशांचे दोन नियम

सगळ्यात जास्त संस्था इथे घसरतात. अमेरिकी नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून थेट खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत अप्रत्यक्ष खर्च (कार्यालय चालवण्यासारखा, एका प्रकल्पावर थेट न टाकता येणारा) विशेष पुराव्याशिवाय देतात. एफसीआरए मात्र प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा घालतं, आणि 'प्रशासकीय' म्हणजे काय हे भारतीय नियम ठरवतात. गाडी चालवण्या-दुरुस्तीचा खर्च, कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, अहवाल लिहिणं, वकील-सीएची फी हे सगळं त्यात येतं.

समजा थेट खर्च ५२,००० डॉलर, आणि त्यात महागडी उपकरणं नाहीत. १५ टक्क्यांनी अप्रत्यक्ष खर्च ७,८००. एकूण ५९,८००. त्याचे २० टक्के ११,९६०. अप्रत्यक्ष खर्च वजा जाता ४,१६० डॉलर उरले, आणि त्यात जीपचं डिझेल, गडचिरोलीतल्या खोलीचं भाडं, ऑडिट सगळं बसवायचं. रोज रात्री कळपामागे फिरणाऱ्या पथकाचं डिझेल एवढ्यात वर्षभर पुरत नाही. उपाय दोन: अप्रत्यक्ष खर्च कमी मागा, किंवा गाडी वन खात्याची घ्या आणि ती त्यांचा वाटा म्हणून दाखवा. दुसरा उपाय दुहेरी कामाचा, कारण इतरांचा वाटा असलेल्या प्रकल्पांना प्राधान्य द्यावं असं १९९७ च्या कायद्यातच आहे. मात्र दाखवलेला वाटा नंतर सिद्ध करावा लागतो. लॉगबुकची प्रत मिळणार नसेल तर तो लिहू नका.

रुपयाचा दर आणि तो कोणत्या तारखेचा, हे तळटीपेत लिहा.

पाठवताना

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, चिन्हांशिवाय ठेवा. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने असते: तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, हिवाळ्यात १०:२९. 'अर्ज पोहोचला' ही पहिली मेल म्हणजे अर्ज स्वीकारला असं नव्हे. त्यानंतर पडताळणी झाली किंवा चुकांमुळे परत, अशी दुसरी मेल येते. ती येईपर्यंत दुरुस्तीला वेळ उरावा म्हणून निदान तीन दिवस आधी पाठवा.

मिळाल्यावर

एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, आणि एखाद्या वर्षी पैसा आला नाही तरी शून्याचं विवरण भरायचंच. खात्यावरचं व्याजही परदेशी देणगीतच मोजलं जातं. पथकातल्या माणसांचे करार हप्त्यांशी बांधा. अमेरिकी सरकार अनुदान मध्येच थांबवू शकतं, आणि ते २०२५ मध्ये दिसलंच.

अमेरिकेचं दार बंद असेल तर ब्रिटन सरकारची डार्विन इनिशिएटिव्ह ही योजना आहे, जैवविविधता आणि गरिबी एकत्र हाताळणाऱ्या कामासाठी, आणि अवैध वन्यजीव व्यापाराविरुद्ध वेगळा चॅलेंज फंडही आहे. पात्र देशांची यादी त्या-त्या फेरीत पाहावी. एफसीआरए नसलेल्या संस्थेने मात्र आधी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडे पाहावं: त्यांचा आणि जागतिक बँकेचा पैसा एफसीआरएच्या व्याख्येत परदेशी स्रोत धरला जात नाही. देणाऱ्या संस्थेचं नेमकं नाव गृह मंत्रालयाच्या सवलतीच्या यादीत आहे का, एवढं पाहून घ्यायचं.