घाटावर राणी, खाली राजा: गोव्याचं स्टीमपंक जग टेबलावर मांडायचं तर

गोव्यावर व्हिक्टोरिया राणीचं राज्य नव्हतं. ती १८३७ ते १९०१ गादीवर होती, आणि त्या सगळ्या काळात पणजीला हुकूम यायचा तो लिस्बनहून. हे लक्षात न घेता गोव्यातला स्टीमपंक खेळ, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगात पात्रं होऊन टेबलाभोवती खेळायची गोष्ट, मांडायला बसलं की लंडनचं धुकं, उंच टोप्या आणि गॅसचे दिवे मांडवीच्या काठी आणून ठेवले जातात, आणि तिसऱ्या सेशनला खेळाडू विचारतात, हे गोव्यातच का घडतंय? उत्तर सरहद्दीवर आहे. घाटाच्या वर इंग्रजांची राणी, खाली पोर्तुगालचा राजा, आणि दोघांना जोडणारी एकच लोखंडी वाट. खेळ त्या वाटेवर उभा करा.

मुरगाव ते कॅसलरॉक हा रेल्वेमार्ग १८८८ मध्ये पुरा झाला. लांबी सुमारे ८२ किलोमीटर, रूळ मीटरगेज. एक मोठा कागद आडवा धरा, एका टोकाला बंदर आणि दुसऱ्या टोकाला घाटमाथा काढा. मधे मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे आणि दूधसागर. सात ठिकाणं पुरेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खा गोवा रंगवायचा मोह होतो, पण त्यातला बहुतेक भाग खेळात कधी येत नाही. नद्या मात्र ठळक काढा. त्या काळात पणजीजवळ मांडवीवर पूल नव्हता, झुवारीच्या मुखावरही नव्हता. पलीकडे जायचं म्हणजे होडी. पाठलाग करणाऱ्यांना अडवायला याहून सोपी सोय नाही.

आता इतिहासात एकच फाटा पाडा, म्हणजे खऱ्या घटनेला एकच वेगळं वळण द्या. दोन पाडले की कशाचा परिणाम काय, हे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरलाही सांगता येत नाही. तयार फाटा हवा असेल तर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार घ्या. त्यातून रेल्वे आली, जकात एक झाली, आणि वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा बसला. हा करार १८९२ मध्ये संपला. आपल्या खेळात तो संपला नाही, एवढंच ठरवा. साल धरा १८९५. त्या वर्षी आफ्रिकेत जायला नकार देऊन गोव्यातल्या मराठा शिपायांनी खरोखरच बंड केलं होतं आणि सत्तरी भागातलं राणे घराणं त्यात उतरलं होतं. ते मागे पेटत राहू द्या, खेळाडूंना वाटलं तर ते तिकडे वळतील.

फाटा ठरला की त्याचे तीन परिणाम लिहा: एक स्वयंपाकघरातला, एक बाजारातला, एक देवळातला. घरात मिठाचा डबा कुलपात जातो आणि खारी मासळी करायची म्हणजे परवाना लागतो. बाजारात नारळाच्या पोत्यात मीठ लपवून जातं. आणि दृष्ट काढायला मीठ-मोहरी हवी, पण मीठ सरकारी शिक्क्याचं, मग दृष्ट उतरते का? हा तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. तिथूनच जादू आत येते.

त्याआधी इंधन. गोव्यात दगडी कोळसा निघत नाही, तो बोटीने मुरगावात येतो. म्हणजे धक्का ज्याच्या ताब्यात, वाफ त्याच्या ताब्यात. लाकूड चालतं, पण तेवढ्याच उष्णतेसाठी साधारण दुप्पट वजनाचं लागतं. पाण्याचा हिशेब मात्र खेळाडू हमखास विसरतात. एक किलो कोळसा जाळला की सहा-सात लिटर पाण्याची वाफ होते. शंभर किलो कोळसा घेऊन निघालेल्या गटाला सहाशे ते सातशे लिटर गोडं पाणी वाटेत कुठेतरी भरावंच लागतं, आणि उन्हाळ्यात मांडवीचं पाणी पणजीच्या बरंच वरपर्यंत खारट असतं. खारं पाणी बॉयलरमध्ये घातलं तर आत क्षाराचा थर बसतो. थरातून उष्णता पाण्याकडे नीट जात नाही, पत्रा तापून नरम पडतो आणि फुटतो. नकाशावर झऱ्या आणि विहिरी दाखवा, प्रत्येकीला मालक द्या. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, विहीर असेल तर पाण्याचं मोल पैशात होणार नाही.

नियम साधा ठेवा. अशा खेळांच्या कुठल्याही नियमप्रणालीला जोडता येईल अशी दाबाची पट्टी करा, शून्य ते सहा घरांची. एका खेळाडूने आपली पाळी आणि कोळशाचं एक माप खर्च केलं की दाब एकाने चढतो. यंत्राकडून जड काम करून घेतलं की एकाने उतरतो. चारपर्यंत सगळं ठीक. पाच किंवा सहावर काम घेतलं तर सहा बाजूंचा फासा टाका: पाचवर १ पडला तर बिघाड, सहावर १ किंवा २ पडला तर बिघाड. वाफ सोडली की दाब लगेच तीनवर येतो, पण ती शिट्टी दोन शेतं ओलांडून ऐकू जाते. तीनदा खारं पाणी भरलं की धोक्याची रेघ चारवरून तीनवर आणा. मग चारवर १ ला, पाचवर २ पर्यंत, सहावर ३ पर्यंत बिघाड.

घाटावर ही पट्टी कशी चालते ते पाहा. कुळे ते कॅसलरॉक साधारण २६ किलोमीटर, चढ चाळीस मीटरला एक मीटर. याचे चार टप्पे करा. प्रत्येक टप्प्याला दाब पाच हवा, आणि टप्पा संपला की पुन्हा एक माप टाकून तो पाचवर आणायचा. चार वेळा फासा म्हणजे निदान एक बिघाड होण्याची शक्यता अर्ध्याहून किंचित जास्त. बॉयलरमध्ये क्षार बसलेला असेल तर तीच पाचांत चार. कुळ्याला मागून ढकलायला जादा इंजिन मिळतं, ते घेतलं तर दाब चारवर भागतं. त्याचे बारा टंगा लावा. गट ते वाचवायला बघतोच. पहिल्याच बिघाडाला स्फोट नको. आधी पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटते आणि कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा हात भाजतो. दुसऱ्यांदा झडप अडकते. स्फोट तिसऱ्यांदा. एवढी सूचना मिळूनही जे पुढे जातात, त्यांना तक्रारीला जागा राहत नाही.

अशा खेळांतल्या नेहमीच्या सोन्याच्या मोहरा विसरा. गोव्याचा रुपया सोळा टंगांचा, टंग साठ रेईशांचा. किमती टंगांत लिहा, घासाघीस रेईशांत करा. घाटावर इंग्रजी आणे चालतात, तिथे बदलून घेताना प्रत्येक रुपयामागे एक टंग सावकाराला द्या. रक्कम किरकोळ आहे, पण सरहद्द बोटांना जाणवते.

फुगे आणि विमानं आणायची तर आणा, फक्त त्यांचं वजन करा. एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१ किलो उचलतो. खेळाडूंची चार पात्रं, चालक, बॉयलर, कोळसा, पाणी आणि पाळणा मिळून दीड टन धरला तर जवळजवळ चौदाशे घनमीटरचा फुगा लागेल. १८५२ मध्ये फ्रान्समध्ये वाफेवर उडालेला पहिला फुगा ४४ मीटर लांब होता, इंजिन तीन अश्वशक्तीचं, वेग सायकलपेक्षा कमी. तुमचं इंजिन दहापट ताकदीचं माना, तरी जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात ते उलटं वाहत जाईल. म्हणून नियम: फुगा ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा चढतो आणि जहाजं मुरगावला जातात. म्हणजे चार महिने सगळी सूत्रं त्या एका बंदरात, आणि कारस्थानंही.

जादूसाठी परी आणि बुटके नकोत, राखणदार पुरे. गावची शीव रात्री फिरून राखणारा देवचार, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा. रुळांनी त्याची शीव कापली आहे. रात्री त्या जागेवर आलेलं इंजिन थंड पडतं: दाब शून्य, आग जळत असतानाही. रोट ठेवला की वाट मोकळी होते. कोणी ठेवायचा, कोणाच्या पिठाचा, आणि त्यात शिक्क्याचं मीठ चालतं का, हे प्रत्येक शिवेवर वेगळं ठेवा. फाशाने जादू जिंकता येऊ नये. कौल मागता यावा. त्यासाठी एक नाणं किंवा दोन रंगांचे फासे घ्या, उजवा किंवा डावा एवढंच उत्तर. प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून.

इथे एक काळजी. खऱ्या देवळाच्या देवतेला खेळातल्या ताकदीचे आकडे देऊ नका, खऱ्या गावच्या राखणदाराला खलनायक करू नका. गाव कल्पित घ्या: खारेभाट, मानसवाडा अशी नावं सहज बसतात. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १८१२ मध्ये बंद झालं होतं, १८९५ च्या खेळात पाद्री मशाली घेऊन फिरत नाहीत. जात आणि धर्म यावर किती खोल जायचं, ते खेळाआधी टेबलावर विचारा. कोणी नको म्हटलं तर विषय तिथेच थांबवा, कारण मागू नका.

वाफेविना चालणारं एक यंत्र गोव्याकडे आधीपासून आहे: खाजन शेतातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, मानस. भरती आली की बांधातलं लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. खेळाचं घड्याळ त्यावरूनच करा. भरतीला साधारण सहा तास, ओहोटीलाही तेवढेच. सहा घरांचं वर्तुळ काढा, गटाने वेळकाढूपणा केला की एक घर भरा. सहा भरली की पाणी फिरतं: होडी अडकते, दार मिटतं, किंवा बांधावर लपवलेली पोती भिजतात.

पात्रांच्या तोंडी पोर्तुगीज शब्दांची खैरात नको. माणूस कोणाला काय म्हणतो यावरून तो कोण ते कळतं: बाब, बाय, भाटकार, रेजिदोर (गावचा सरकारी अधिकारी). कुळ्याचा स्टेशनमास्तर असा बोलेल: "बाब, पाटी लिस्बनची आहे, पण कोळसा मुंबईहून येतो. तुम्ही कोणाचे ते सांगा, मग फाटक उघडतो." या एका वाक्यात फाटा, इंधन आणि अडचण तिन्ही आलं. अशी तीन माणसं पहिल्या सेशनला पुरतात. प्रत्येकाला एक हवी असलेली गोष्ट आणि एक लपवलेली गोष्ट द्या, बाकी इतिहास लिहू नका.

पहिलं सेशन कुळ्यालाच सुरू करा, पावसात, संध्याकाळी. गटाकडे दोन पोती नारळ आहेत आणि त्यांतल्या एकात मीठ आहे, कोणत्या ते फक्त एका खेळाडूला ठाऊक. दाब तीनवर, पाणी अर्धं, पुढे घाट, मधे एक शीव. जकातवाला पोत्यांकडे चालत येतो आणि घड्याळाचं पहिलं घर भरलं जातं.