समुद्री साप मोजताना: दोरा, टाचण्या आणि खवल्यांची गणती

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या धक्क्यावर डोल जाळ्यातून (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यातून) निघालेला समुद्री साप पट्ट्यांवरून ओळखायचा मोह होतो. तो आवरा. पिल्लाचे ठळक पट्टे वाढत्या वयात पुसट होतात आणि मेल्यावर रंगही उतरतो. ओळख पटवतात खवल्यांच्या ओळी, आणि त्या नेमक्या कुठे मोजल्या हे.

ही सगळी रीत मेलेल्या सापासाठीच आहे. तरी हातात जाड मोजे हवेतच. नुकत्याच मेलेल्या सापाचा जबडा मिटू शकतो, आणि आपल्याकडच्या इस्पितळांत मिळणारी प्रतिविषाची लस समुद्री सापांसाठी बनवलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या सापांनाही लागू आहे. त्यातून ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. म्हणून वन विभागाची लेखी परवानगी आधी, नमुना नंतर.

वल्ह्यासारखी उभी चपटी शेपूट आणि अंगावर खवले, एवढे आधी पाहून घ्या. डोक्यामागे कल्ल्याची फट दिसली तर ती वाम, म्हणजे मासा आहे.

साप ट्रेमध्ये पाठीवर झोपवा. तोंडाच्या टोकापासून अवस्कराच्या (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या वाटेच्या) फटीपर्यंत पोटाच्या मधोमध न ताणला जाणारा दोरा ठेवा आणि तो पट्टीवर मोजा. शेपटीची लांबी वेगळी घ्या. साप ओढून सरळ करू नका, मेलेले अंग ताणले जाते. शेपटीचे टोक तुटके असेल तर आकड्यापुढे ‘तुटकी’ लिहा. डोक्याची लांबी तोंडाच्या टोकापासून जबड्याच्या सांध्यापर्यंत, व्हर्नियर कॅलिपरने. मानेचा घेर आणि धडाचा सर्वांत मोठा घेरही दोऱ्यानेच घ्या. पोटात मासा किंवा पिल्ले असली, किंवा साप कुजून फुगला असला, तर धडाचा घेर फसवतो. तशी नोंद हवी.

आता ओळी. जमिनीवरच्या सापांची सवय असलेले लोक धडाच्या मधोमध मोजतात, आणि इथेच चूक होते. बऱ्याच समुद्री सापांचे अंग मागच्या बाजूला जास्त जाड असते, त्यामुळे मधोमध मोजले की आकडा कमी येतो. मानेवर दोन-तीन जागी मोजून सर्वांत लहान आकडा घ्या, जाड भागात तसेच मोजून सर्वांत मोठा. अंग कापसाने टिपून कोरडे करा, ओल्या खवल्यांच्या चकाकीत कडा दिसत नाहीत. पोटखवल्याला (पोटाच्या मधल्या रेषेवरच्या खवल्याला) लागून असलेल्या खवल्यापासून सुरुवात करून तिरके वर चढा, पाठीवरून पलीकडे उतरा आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या खवल्यावर थांबा. पोटखवला मोजायचा नाही. दर दहाव्या खवल्याशी टाचणी टेकवा. कातडीच्या घडीत एखादी ओळ लपते. बोथट सुईने घडी उलगडून पाहा.

हायड्रोफिस सायनोसिंक्टस या जातीच्या मानेवर २७ ते ३५ आणि धडावर ३७ ते ४७ ओळी असतात. हायड्रोफिस सेरुलेसेन्सच्या ३१ ते ४३ आणि ३८ ते ५४. म्हणजे मानेवर ३३ आणि धडावर ४२ आले तर साप दोन्हींपैकी कोणताही असू शकतो. अशा वेळी दात पाहायचे. जबड्यात बुचाचा तुकडा अडकवा, सुईने हिरडी मागे सारा आणि वरच्या जबड्यात विषदंतामागचे दात भिंगाखाली मोजा. पहिल्याला एका बाजूस ५ ते ८, दुसऱ्याला १४ ते १८. गळालेल्या दाताची रिकामी खाचही धरा, नाहीतर आकडा खाली येतो. हायड्रोफिस शिस्टोससला एवढा खटाटोप लागत नाही: खालच्या ओठाच्या टोकाचा खवला अरुंद, लांबट आणि खाचेत दबलेला असतो.

पोटखवले मोजणे सर्वांत कंटाळवाणे, कारण पुष्कळ जातींत ते शेजारच्या खवल्यांपेक्षा जेमतेम मोठे असतात. ज्याच्या दोन्ही कडांना अंगावरची पहिली ओळ टेकते तो पहिला. तिथून अवस्करापर्यंत मोजा, दर २५ ला टाचणी. मधोमध चिरलेला खवला एकच धरा. दोघांनी वेगवेगळे मोजा. तीनपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून.

डीएनएसाठी मांसाचा छोटा तुकडा आधी कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, कारण फॉर्मलिनमध्ये (नमुना कुजू नये म्हणून वापरायच्या द्रावणात) डीएनए खराब होतो. साप फॉर्मलिनमध्ये बुडवण्यापूर्वीच सगळी लांबी-रुंदी घेऊन टाका, नंतर अंग आखडते. चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहा आणि दोऱ्याने सापालाच बांधा. बाटलीवर चिकटवलेली सुटते, आणि पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.